बाण लागलेल्या हरणाला किती दुखतं? एका भूलतज्ज्ञाचं उत्तर

प्रश्न असा आहे: "मी नोकरीनिमित्त विस्कॉन्सिनमध्ये राहतो. ऑफिसमधले सहकारी येत्या सप्टेंबरात धनुष्यबाणाच्या शिकारीला चल म्हणतायत. हरणाला दुखत असेल ना, असं विचारल्यावर ते म्हणाले की बाणाच्या टोकाला बसवलेल्या ब्रॉडहेडचं पातं इतकं धारदार असतं की त्याला कळतसुद्धा नाही. बाण आरपार गेल्यावरही काही हरणं पुन्हा चरायला लागतात. हे खरं आहे, की मनाची समजूत? आणि माणसाला असा बाण लागला तर त्याला काय जाणवतं?"

मी भूलतज्ज्ञ आहे. शिक्षण आणि सुरुवातीची नोकरी उत्तर महाराष्ट्रात झाली, त्यानंतरची सगळी वर्षं अमेरिकेच्या याच भागात गेली. मी स्वतः शिकार करत नाही. पण इथे सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत धनुष्याचा मोसम चालतो, शेजारीपाजारी निम्मे लोक शिकारी आहेत आणि त्यांच्यातले काही दर वर्षी आमच्या ऑपरेशन टेबलावर येतात. दुखणं कसं सुरू होतं, कसं थांबवायचं आणि कुणाचं दुखणं आपल्याला दिसत नाही, हाच माझा रोजचा व्यवसाय असल्यामुळे या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देते.

आधी थोडक्यात. तुमचे सहकारी म्हणतात त्यातलं निम्मं खरं आहे. अतिशय धारदार पात्याची जखम पहिल्या काही क्षणांत फार कमी दुखते, कधीकधी जाणवतही नाही. हरण त्या काही क्षणांतच बेशुद्ध झालं तर त्याच्या वाट्याला वेदना थोडीच येते. ते शुद्धीवर राहिलं तर मात्र दुखणं येतंच, आणि किती येणार हे पात्याच्या धारेपेक्षा बाण कुठे बसला यावर ठरतं. राहिला चरण्याचा मुद्दा. जनावर शांत दिसलं म्हणून त्याला दुखत नाही, हा निष्कर्ष माझ्या व्यवसायात तरी आम्ही काढत नाही. का, ते पुढे सांगते.

सुरुवात बाणाच्या वेगापासून करू. आजच्या कंपाउंड, म्हणजे कप्प्या लावलेल्या धनुष्यातून सुटलेला बाण सेकंदाला साधारण ८० ते ९० मीटर जातो. पांढऱ्या शेपटीच्या हरणाची छाती आडवी धरली तर फूटभर रुंद. म्हणजे बाण एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडायला सेकंदाचा हजारावा भाग चार-पाच वेळा मोजावा, इतकाच वेळ लागतो. आता मज्जातंतूंचा वेग बघा. दुखण्याचा निरोप नेणारे तंतू दोन प्रकारचे असतात. ए-डेल्टा तंतूंवर मायलिनचं पातळ आवरण असतं, ते सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने निरोप नेतात आणि टोचल्याची तीक्ष्ण, नेमक्या जागी होणारी कळ त्यांच्यामुळे जाणवते. दुसरे सी तंतू. त्यांच्यावर आवरण नसतं, वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, आणि मागाहून येणारी जळजळ, ठणका त्यांचा. हरणाच्या बरगड्यांपासून मेंदूपर्यंत मीटरभर अंतर धरलं तर पहिली कळ पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागेल आणि ठणका पोचायला एखादा सेकंद. थोडक्यात, पहिली कळ मेंदूत पोचते तेव्हा बाण हरणातून निघून पलीकडच्या मातीत रुतलेला असतो. शिकारी सांगतात ते हरणाचं दचकणं, दोन उड्या मारणं आणि थांबून आजूबाजूला बघणं यातून समजतं. काहीतरी झालं एवढं त्याला कळलेलं असतं, काय झालं ते कळलेलं नसतं.

धारेचा परिणाम याच्यापुढचा. विळीवर कधी बोट कापलं असेल तर आठवून बघा: आधी रक्त दिसतं, मग चुरचुरतं. धारदार पातं पेशींची एक पातळ ओळ कापत जातं, शेजारच्या पेशी चेंगरत नाहीत. दुखण्याचे ग्राही, म्हणजे नॉसिसेप्टर, मुख्यतः दोन गोष्टींनी पेटतात: ताण-दाब आणि फुटलेल्या पेशींमधून सांडलेली रसायनं. पेशी फुटल्या की पोटॅशियम आणि एटीपी बाहेर पडतं, पाठोपाठ ब्रॅडिकिनिन, प्रोस्टाग्लँडिन तयार होतात, आणि जखमेच्या आसपासचा सगळा भाग हुळहुळा होतो. स्वच्छ कापात हा रसायनांचा लोंढा कमी असतो आणि उशिरा येतो. बोथट पात्याने, दगडाने, दारात बोट सापडून झालेली जखम पहिल्या क्षणापासून ठणकते ती यामुळेच. रक्ताचंही तसंच आहे. चेंगरलेली, फाटलेली रक्तवाहिनी आखडते आणि तिथे गुठळी लवकर धरते. स्वच्छ कापलेली मोकळी वाहत राहते. बाणाला याच गोष्टीची गरज असते. बाणाची ऊर्जा जेमतेम शंभर ज्यूल. हरणाच्या शिकारीला वापरतात त्या रायफलच्या गोळीत तीन-साडेतीन हजार ज्यूल असतात. बाण धक्क्याने मारत नाही, रक्तस्रावाने मारतो. म्हणून पातं बोथट असेल तर दुखणंही वाढतं आणि मरणही लांबतं. एकदा मातीत रुतलेलं पातं पुसून पुन्हा भात्यात टाकणारे लोक मला भेटले आहेत, आणि प्रत्येक वेळी मी त्यांना पाती बदलायला सांगितलं आहे.

आता माणसांकडे येते, कारण माणसाला विचारता येतं.

हेन्री बीचर हा हार्वर्डचा भूलतज्ज्ञ दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर होता. गंभीर जखमी सैनिकांना तो शुद्धीवर असताना विचारत असे, दुखतंय का, औषध हवंय का. १९४६ साली त्याने लिहिलं की सुमारे तीन-चतुर्थांश जणांना वेदनाशामक नको होतं. त्याचा निष्कर्ष असा की जखम किती मोठी आणि दुखणं किती, यांचं सरळ गणित नाही. रणांगणातून जिवंत सुटलेल्या सैनिकाला जखमेचा अर्थ वेगळा लागतो. १९८२ साली रोनाल्ड मेल्झॅक, पॅट्रिक वॉल आणि त्यांच्या सहकाऱ्याने एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आलेल्या १३८ लोकांना हेच विचारलं. ३७ टक्के लोक म्हणाले, जखम झाली त्या वेळी दुखलं नाही. बहुतेकांना तासाभरात दुखायला लागलं. त्यातला आपल्या कामाचा तपशील असा: ज्यांची जखम फक्त कातडीपुरती होती, कापलं, खरचटलं, भाजलं, त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांना सुरुवातीला दुखण्याविना काही काळ गेला. ज्यांची इजा खोल होती, हाड मोडलं, भोसकलं गेलं, त्यांच्यात मात्र असे लोक २८ टक्केच होते. म्हणजे हा सुटकेचा काळ खोल जखमेत कमी जणांच्या वाट्याला येतो. बाणाची जखम खोल असते. "कळतच नाही" म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवायला हवा.

हा काळ येतो कुठून? मेंदूच्या मध्यभागी पेरिअ‍ॅक्विडक्टल ग्रे नावाचा एक भाग आहे. तिथून मज्जारज्जूपर्यंत उतरणारे तंतू खालून येणारे दुखण्याचे निरोप दाबून टाकू शकतात. १९६९ मध्ये डेव्हिड रेनॉल्ड्सने उंदरांच्या मेंदूतला हा भाग विजेने चेतवून, भूल न देता त्यांच्या पोटावर शस्त्रक्रिया केली. १९७५ मध्ये शरीर स्वतः तयार करतं ती अफूसारखी द्रव्यं, एन्केफॅलिन, सापडली. भीती, झुंज, पळ यांच्या वेळी ही व्यवस्था जागी होते. सगळ्या सस्तन प्राण्यांत ती आहे, हरणातही. लांडगा मागे असताना लंगडत थांबणारं हरण जगत नाही, म्हणून हे आलं असणार. पण ही सवलत बहुधा मिनिटांची किंवा तासाभराची असते, काही तासांची क्वचितच. पळून झाडीत जाऊन बसलेल्या, अंगात बाण असलेल्या हरणाला रात्रभर पुरेल एवढी ती नसते.

धुळ्याला सरकारी रुग्णालयात असताना सातपुड्यातून तिरकामठ्याचे बाण लागलेली माणसं यायची, बहुतेक जमिनीच्या भांडणातून. पावरा या आदिवासी समाजातले एक गृहस्थ मला स्वच्छ आठवतात. मांडीत बाण, काडी वीतभर बाहेर. जीपमधून तासन्‌तास प्रवास करून आलेले. बाकावर ताठ बसलेले, दोन्ही हातांनी बाणाची काडी मुठीत घट्ट धरलेली, जशी कुणी पूजेची समई वाऱ्यात धरावी. चेहऱ्यावर काही नाही. मी विचारलं, दुखतंय का? म्हणाले, "नाही, पण हलवू नको." मी नाडी बघितली तर १३०. कपाळावर घामाचे थेंब. त्यांना जवळ न जाता बघणारा कुणीही म्हणाला असता की या माणसाला काही होत नाहीये. स्ट्रेचरवर घेताना काडी बोटभर हलली, आणि त्या माणसाच्या तोंडून निघालेला आवाज त्या दालनातलं कुणी विसरलं नसेल.

यात दोन गोष्टी आहेत. एक, आत राहिलेला बाण हलेल तेव्हा नव्याने कापतो. हरण बाण घेऊन पळतं तेव्हा प्रत्येक पावलाला, प्रत्येक श्वासाला हेच होतं. आरपार गेलेल्या बाणाची जखम आणि अंगात अडकलेल्या बाणाची जखम या दोन वेगळ्या जखमा आहेत, त्यांना एक समजू नका. काटेरी, उलट्या आकड्याच्या पात्यांवर बऱ्याच राज्यांत बंदी आहे ती उगाच नाही. दुसरी गोष्ट, चेहरा. जे माणूस स्वाभिमानाने करतो ते हरण जगण्यासाठी करतं: दुखणं दाखवत नाही.

बाण कुठे बसला, हा तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा. शरीराच्या आतले अवयव कातडीसारखे दुखत नाहीत. फुफ्फुसाच्या मऊ भागात दुखण्याचे तंतू जवळपास नाहीत. बरगड्यांच्या आतून असलेलं प्लुराचं अस्तर मात्र अतिशय संवेदनशील आहे. यकृत आतून दुखत नाही, त्याचं वरचं वेष्टन दुखतं. आतडं कापलं तर कळत नाही, पण ताणलं, फुगलं, त्याचा रक्तपुरवठा तुटला किंवा ते सुजलं की असह्य होतं. हाडाचा गर सोडा, हाडावरचं पातळ आवरण शरीरातल्या सर्वांत दुखऱ्या जागांपैकी एक. शेजाऱ्याने मारलेलं हरण जागेवर साफ करताना मी एकदा मुद्दाम जाऊन बघितलं होतं. दोन्ही फुफ्फुसांतून गेलेल्या पात्याची वाट रेघेसारखी सरळ होती, कडा स्वच्छ, आणि छातीच्या पोकळीत रक्ताचं तळं. बरगडी चुकवून दोन बरगड्यांमधून पातं गेलेलं. कातडी, स्नायू, प्लुरा एवढंच काय ते दुखण्याजोगं कापलं गेलं होतं.

असा बाण बसला तर वेळ किती? १९४३ मध्ये मिनेसोटात स्वयंसेवकांच्या मानेभोवती पट्टा आवळून मेंदूचा रक्तपुरवठा एकदम थांबवण्याचा प्रयोग झाला होता. माणसं सरासरी सहा-सात सेकंदांत बेशुद्ध झाली. हरणात रक्तदाब एका क्षणात शून्य होत नाही, म्हणून थोडा जास्त वेळ धरा. हृदय किंवा दोन्ही फुफ्फुसं भेदली गेली तर बहुधा दहा-पंधरा सेकंद. घाबरलेलं हरण तेवढ्यात शंभर-दीडशे मीटर सहज जातं. ते धावताना दिसतं म्हणून ते तडफडतंय असं नाही. पाय चालत असतात आणि मेंदू विझत असतो. या काही सेकंदांत त्याला श्वास कोंडल्याची भावना येत असणार, आणि ती वेदनेहून निराळी, माझ्या मते जास्त भयंकर गोष्ट आहे. पण तिचा अवधी सेकंदांचा असतो.

बाण एकाच फुफ्फुसाला लागला, खांद्याच्या फऱ्यात अडकला किंवा पोटात गेला की सगळं बदलतं. फऱ्याला लागलेला बाण हाडाचं आवरण फाडतो; हे पहिल्या क्षणापासून दुखतं, धार कितीही असो. पोटात गेलेला बाण सुरुवातीला फसवतो. हरण पाठ कमानीसारखी वर उचलतं, दबक्या पावलांनी चालत जातं, थोड्या अंतरावर बसतं. आतडं कापल्याचं त्याला फारसं कळत नाही. मग आतड्यातलं द्रव्य पोटाच्या पोकळीत सांडतं, पेरिटोनियमला, म्हणजे पोटाच्या आतल्या अस्तराला, सूज येते. हे दुखणं माणसात मी पुष्कळ पाहिलं आहे. अपेंडिक्स फुटलेला रुग्ण खाटेला कुणाचा धक्का लागला तरी कळवळतो. हरणात हे काही तास, कधी पूर्ण दिवस चालतं. पात्याची सगळी धार इथे निरुपयोगी आहे.

आता जनावराला दुखतं हे आपल्याला कळणार कसं? आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपणीत स्पष्ट लिहिलं की बोलून सांगता न येणं म्हणजे माणसाला किंवा प्राण्याला वेदना होत नाही असं नव्हे. मला वाटतं सगळ्यात बोलका पुरावा खाटीकखान्यातून आला आहे, कारण तिथे प्रश्न अगदी तुमचाच आहे: अतिशय धारदार सुरी, शुद्धीवर असलेलं जनावर. टेम्पल ग्रँडिन या अमेरिकेतल्या प्राणीतज्ज्ञ बाईंनी ज्यू पद्धतीच्या कत्तलखान्यांत बघितलं की लांब, निष्कलंक धारेची सुरी कुशल हाताने चालवली आणि जनावर नीट, शांतपणे धरलेलं असलं, तर ते कापताना जवळजवळ हलत नाही. हा तुमच्या सहकाऱ्यांच्या बाजूचा पुरावा. मग २००९ मध्ये न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठातल्या संशोधकांनी वासरांना अगदी हलकी भूल दिली, जेणेकरून वासराला काही जाणवू नये पण मेंदूच्या विद्युतलहरी मात्र उमटाव्यात, आणि धारदार सुरीने गळा कापताना त्या लहरी नोंदवल्या. लहरींमध्ये तोच बदल दिसला जो शिंग कापण्यासारख्या वेदनादायक गोष्टींत दिसतो, आणि तो मुख्यतः कापल्यामुळे होता. म्हणजे बाहेरून शांत, आतून नाही. गळा आणि छाती एक नाहीत हे मान्य. गळ्यात मज्जातंतू दाट असतात. तरी "धार असली की दुखतच नाही" या वाक्याला यापुढे जागा उरत नाही.

शांत दिसणं आणि न दुखणं यातला फरक माझ्या व्यवसायाने फार महागात शिकलाय, आणि गंमत नव्हे, खरोखर एका बाणाच्या विषापासून शिकलाय. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणांना आणि फुंकनळीच्या काड्यांना क्युरारे लावत. प्राणी लुळा पडतो, श्वास थांबतो. १८१४ साली लंडनमध्ये चार्ल्स वॉटर्टन आणि त्याच्या मित्रांनी एका गाढविणीला हे विष टोचलं, ती निपचित पडली, मग भात्याने तिच्या फुफ्फुसांत हवा भरत राहिले. विष उतरल्यावर ती उठली आणि पुढे कित्येक वर्षं जगली. १९४२ मध्ये मॉन्ट्रियलला हॅरोल्ड ग्रिफिथने क्युरारे भुलीत वापरलं आणि भूलशास्त्रात नवं पर्व सुरू झालं. त्या सुरुवातीच्या वर्षांत काही डॉक्टरांना वाटे की क्युरारेनेच रुग्णाची जाणीव जाते, कारण रुग्ण किती शांत पडून राहतो! हा गैरसमज मोडण्यासाठी १९४७ मध्ये स्कॉट स्मिथ या अमेरिकन भूलतज्ज्ञाने स्वतःला क्युरारे टोचून घेतलं, पूर्ण लुळा होईपर्यंत आणि त्याहूनही जास्त. एक बोट हलवता येत नव्हतं, श्वासही बाहेरून द्यावा लागत होता. विष उतरल्यावर त्याने सांगितलं की सगळा वेळ मी जागा होतो, सगळं ऐकू येत होतं, सगळं जाणवत होतं.

ही गोष्ट सांगायचं कारण आजचं आहे. मिसिसिपी राज्यात वर्षानुवर्षं काही धनुर्धारी बाणाच्या टोकामागे एक छोटी नळी लावत आले आहेत, तिला पॉड म्हणतात. तिच्यात सक्सिनिलकोलीनची पूड असते. हे औषध मी रोज वापरते, श्वासनलिकेत नळी घालताना. ते क्युरारेच्याच कामाचं, फक्त जास्त झटपट: मिनिटाच्या आत सगळे स्नायू लुळे. हरण थोडं पळतं, कोसळतं, हलत नाही. बघणाऱ्याला वाटतं, किती सुखाचं मरण. मी ते औषध देते तेव्हा आधी रुग्णाला झोपवते, कारण जागेपणी ते देणं म्हणजे माणसाला पूर्ण शुद्धीत गुदमरू देणं. बहुतेक राज्यांत औषध लावलेले बाण बेकायदा आहेत. कुणी तुम्हाला "हे जास्त दयाळू आहे" म्हणून सांगितलं तर ऐकू नका.

आता नेम चुकण्याबद्दल, कारण सगळं त्याच्यावर येऊन थांबतं. मेरीलँडमध्ये नौदलाच्या एका तळावर, चाचणी देऊन परवानगी मिळवलेल्या धनुर्धाऱ्यांच्या नोंदी १९८९ ते २००६ ठेवल्या गेल्या. आधुनिक कंपाउंड धनुष्य आणि क्रॉसबो वापरूनही बाण लागलेल्या हरणांपैकी १८ टक्के सापडली नाहीत. ओक्लाहोमात साध्या, पारंपरिक धनुष्याने शिकार होणाऱ्या एका जागी, रेडिओ कॉलर घातलेल्या ज्या नरांना बाण लागला त्यांतले निम्मे शिकाऱ्याच्या हाती आले नाहीत. हरणं मोजकी होती, आणि न सापडलेली बरीचशी पुढे जगली, हेही खरं. हरणाच्या स्नायूंतली जखम नवल वाटावं अशी भरते. पण जगली म्हणजे दुखलं नाही असं नाही. या लोकांचे हात सरावाचे होते. नवशिक्याचं काय होईल ते तुम्हीच धरा.

लांब अंतरावरून बाण सोडणं मला सगळ्यात जास्त खटकतं. बाण सेकंदाला ८५ मीटर, आवाज ३४० मीटर. ३० मीटरवरच्या हरणाला दोरीचा आवाज बाण पोचायच्या पाव सेकंद आधी मिळतो. सावध हरण उडी घ्यायला गुडघे मोडून खाली बसतं आणि तेवढ्या वेळात त्याची पाठ वीतभर खाली येते. फुफ्फुसावर धरलेला बाण मग मणक्याला किंवा पाठीच्या मांसात लागतो. १५-२० मीटरच्या आत, आडवं किंवा आपल्यापासून जरा पलीकडे तोंड केलेलं, मान खाली घालून चरत असलेलं हरण, यापलीकडे नवीन माणसाने दोरी ओढू नये.

शिकारीचं समर्थन करताना लोक म्हणतात की लांडग्याने मारलं, मोटारीने उडवलं, बर्फात उपासमारीने मेलं तर याहून वाईट मरण येतं. खरं आहे. पण तुम्ही सोडलेल्या बाणाने हरणाला किती दुखतं, या प्रश्नाचं ते उत्तर नाही, आणि तुम्ही तो प्रश्न विचारलात याचं मला बरं वाटलं. भारतातून वाचणाऱ्यांसाठी एवढंच: आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हरणाची शिकार गुन्हा आहे, मी लिहितेय ते अमेरिकेतल्या परवानाधारक शिकारीबद्दल.

तुमचा दुसरा प्रश्न, माणसाला लागलं तर. शिकारीच्या मोसमातल्या गंभीर इजा मुख्यतः झाडावरच्या मचाणातून, म्हणजे ट्री स्टँडवरून पडून होतात. पट्टा न बांधता चढू नका. बाणाने होणाऱ्या इजा बहुतेक स्वतःच्याच हाताला: ब्रॉडहेड फिरवून बसवताना तळहात कापतो. असे रुग्ण मला एकच गोष्ट सांगतात, की कळलंच नाही, हातमोजा ओला लागला म्हणून खाली बघितलं. बोटाच्या कंडरा तुटलेल्या असतात आणि माणूस गाडी चालवत आलेला असतो. अर्ध्या-पाऊण तासाने चेहऱ्याचा रंग उतरतो. कमी दुखतंय म्हणून जखम उथळ आहे असं समजू नका. प्रत्येक बोट वाकवून, सरळ करून, टोकाला स्पर्श कळतो का ते बघा, आणि न दुखणाऱ्या हातालाही डॉक्टरला दाखवा. बाण अंगात रुतला असेल तर ओढू नका. आजूबाजूला कापडाच्या घड्या लावून तो हलणार नाही असा बांधा आणि तसेच रुग्णालयात या. न्यू मेक्सिकोकडच्या मोहिमांवर असलेल्या जोसेफ बिल या लष्करी सर्जनने १८६०च्या दशकात बाणांच्या जखमांवर लिहिलं, तेव्हाही त्याचा पहिला इशारा हाच होता: काडी ओढली की टोक आत राहतं. सुश्रुतसंहितेत तर शल्य, म्हणजे अंगात रुतलेली वस्तू, आलं त्याच वाटेने काढायचं की पुढे ढकलून काढायचं, याचा स्वतंत्र विचार आहे.

गेलात, आणि बाण पोटात लागला असं वाटलं, तर काय करायचं तेही लिहिते, कारण ते कुणी आधी सांगत नाही. बाण शोधून नाकाजवळ धरा. फेसाळ, गुलाबी रक्त म्हणजे फुफ्फुस. अर्धा तास थांबून माग काढा. काळपट लाल म्हणजे यकृत, चार तास. हिरवट-तपकिरी चिकटा आणि शेणासारखा वास म्हणजे पोट, आणि तिथे नियम आठ ते बारा तास थांबण्याचा आहे. मला हा नियम सगळ्यात जड जातो, कारण त्या तासांत काय होत असतं ते मला माहीत आहे. पण लगेच मागे लागलात तर हरण उठतं, पुन्हा पळतं, रक्ताचा माग तुटतो आणि ते कधीच सापडत नाही. वाट पाहणं त्यातल्या त्यात कमी वाईट. विस्कॉन्सिनमध्ये दोरीवर बांधलेल्या कुत्र्याने माग काढायला परवानगी आहे आणि असे कुत्रे पाळणारे लोक जवळपास प्रत्येक भागात आहेत. त्यांचा नंबर शिकारीला जाण्याआधी फोनमध्ये साठवून ठेवा. आणि त्यांना बोलवायचं ठरवलं की स्वतः त्या मागावर एक पाऊलही पुढे टाकू नका. चार जणांनी रक्त बुटांना लावून इकडेतिकडे पसरवलं की कुत्र्यालाही वाट सापडत नाही. शेवटचं रक्त दिसलं तिथे फांदीला टिश्यू पेपर बांधा, मागे फिरा आणि फोन करा.